विजेच्या मोटारीला दुसरी चाके बसवताना

आपल्यापैकी अनेक व्यापारी बांधवांनी आता विजेवर चालणारी मोटार घेतली आहे. चाके बदलायची वेळ आली की बाजारात एकच वाक्य ऐकू येते, "पाच बोल्ट आहेत शेठ, बसतील." कापडाचा पन्हा आपण नजरेने ठरवत नाही, पट्टी लावतो. इथेही तेच करावे.

टाटा नेक्सॉनच्या चाकाला पाच छिद्रे, ह्युंदाई क्रेटालाही पाचच. परंतु छिद्रांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, नेक्सॉनचा १०८ मिलिमीटर तर क्रेटाचा ११४.३. हा फरक डोळ्याला कळत नाही. शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधील अंतर मोजून १.७ ने गुणावे. ते अंतर नेक्सॉनला साधारण ६३.५, क्रेटाला ६७ भरते. चुकीच्या चाकातही नट दोन-चार आटे धरतो आणि फिटर पाना मारून तो आवळतो. त्यामुळे स्टडवर तिरका ताण येतो व तो पुढे रस्त्यात तुटू शकतो.

दुसरी गोष्ट वजनाची. बॅटरीमुळे ही गाडी त्याच नमुन्याच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते. चांगल्या चाकाच्या मागे ते किती किलो पेलते हे कोरलेले असते. गाडीच्या एका अक्षावर जास्तीत जास्त जेवढा भार मान्य आहे, त्याच्या निम्म्याहून हा आकडा कमी नसावा. कोरलेलाच नसेल तर सौदा सोडावा. टायरचेही तसेच : ९५ हा भारांक म्हणजे ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५.

मधले भोक लहान असेल तर चाक हबवर बसणारच नाही. मोठे असेल तर योग्य मापाचे कडे घालावे, नाहीतर स्टिअरिंग थरथरण्याची शक्यता राहते. नटाची बैठक शंकूसारखी की गोल, हेही जुळले पाहिजे. ऑफसेटचा आकडा जुन्या चाकाशी ताडून पाहावा, कारण तो बदलला तर चाक ब्रेकला किंवा मडगार्डला घासू शकते.

टायरची उंचीही राखावी. २१५/६० आर १६ ची उंची ६६४ मिलिमीटर, २१५/५५ आर १७ ची ६६८, म्हणजे चालेल. २१५/५० आर १७ घेतल्यास ती ६४७ वर येते. मग मीटर जास्त किलोमीटर दाखवतो आणि गाडी एका चार्जमध्ये लांब पळते, असा फुकटचा आनंद होतो!

टायर चढवण्यापूर्वी रिकामे चाक लावून हाताने फिरवून पाहावे. टायर चढलेला माल दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून "न बसल्यास परत" हे बिलावर लिहून घ्यावे. टायर चढल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुन्हा तपासावे. जॅक फक्त खुणेच्या जागीच लावावा, कारण बॅटरी तळाशी असते. नट समोरासमोरचे आळीपाळीने, पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासून घ्यावेत.