झडप-उत्थापक व एंजिन तेल

अंतर्ज्वलन (इंधन सिलिंडराच्या आतच जळणाऱ्या) एंजिनात कॅमाची हालचाल झडपेकडे पोहोचविणाऱ्या भागास झडप-उत्थापक म्हणतात. कारागिरांच्या व वाहनचालकांच्या नित्य बोलण्यात टॅपेट हेच नाव रूढ आहे. एंजिन चालू असताना वरच्या भागातून येणारा ‘टिक्‌-टिक्‌’ असा नियमित आवाज बहुधा या भागाशी निगडित असतो व तो थांबविण्यासाठी अधिक दाट तेल घालण्याची प्रथा सर्वत्र आढळते. हा उपाय काही वेळा लागू पडतो, तर काही वेळा मूळ दोष झाकून एंजिनाचे मोठे नुकसान करतो. यासाठी उत्थापकाचे कार्य आणि तेलाचे गुणधर्म यांचा विचार एकत्रित करावा लागतो.

रचना व कार्य : चार धावांच्या एंजिनात कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. कॅमाचा उंचवटा उत्थापकाखाली आला की उत्थापक वर सरकतो. ही गती दाबदांडा व डोलभुजा यांच्यामार्फत, किंवा कॅमदंड सिलिंडर शीर्षावर बसविलेला असल्यास जवळजवळ थेट, झडपेला मिळते व झडप उघडते. उंचवटा पुढे गेल्यावर स्प्रिंगेच्या दाबाने झडप आपल्या बैठकीवर घट्ट बसते. एंजिन मिनिटाला ८०० फेरे या मंद गतीने चालत असले, तरी प्रत्येक झडप मिनिटाला ४०० वेळा उघडते व मिटते.

एंजिन तापले की झडप लांबते. १०० मिमी. लांबीच्या पोलादी झडपेचे सरासरी तापमान ३००° से.ने वाढले, तर तिची लांबी सु. ०·३५ मिमी.ने वाढते. सिलिंडर शीर्षही त्याच वेळी प्रसरण पावत असल्याने यातील काही भाग भरून निघतो. तरीही थंड एंजिनात झडपदांडा व त्याला ढकलणारा भाग यांच्यात थोडी फट ठेवणे आवश्यक असते. या फटीस झडप-अवकाश म्हणतात. तो सामान्यतः मिलिमीटरच्या एकदशांशापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत असतो व निष्कास झडप अधिक तापत असल्याने बहुतेक एंजिनांत तिच्यासाठी जास्त ठेवतात. अवकाश प्रमाणाबाहेर वाढला की भाग एकमेकांवर आदळून आवाज होतो. तो फारच कमी झाला, तर आवाज होत नाही. पण झडप पूर्ण मिटत नाही, तापलेले वायू तिच्या कडेतून निसटतात आणि बैठकीला उष्णता देऊन थंड होण्याची संधी न मिळाल्याने झडप जळते. म्हणजे आवाज नसणे हे नेहमीच एंजिनाच्या आरोग्याचे लक्षण नसते.

प्रकार : घन उत्थापकात अवकाश स्क्रूने अथवा ठराविक जाडीच्या चकत्या बदलून जुळवितात आणि फीलर गेजच्या पातळ पोलादी पात्यांनी मोजतात. कुर्ला (मुंबई) येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या पद्मिनी मोटारगाडीत स्क्रूची पद्धत होती. मुंबईतील टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत चाललेल्या या गाडीचे ‘टॅपेट सेट करणे’ हे कारागिरांच्या कित्येक पिढ्यांचे रोजचे काम होते.

द्रवीय उत्थापकात अवकाश आपोआप नाहीसा केला जातो. पोकळ कवचात एक लहान दट्ट्या, त्याखाली तेलाचा कप्पा, स्प्रिंग आणि गोळीची एकदिशा झडप असते. झडप मिटलेली असताना स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलून फट भरून काढते व एंजिनातील दाबयुक्त तेल गोळीवरून कप्प्यात शिरते. कॅम उत्थापकाला उचलू लागला की गोळी मार्ग बंद करते. तेल जवळजवळ असंपीड्य असल्याने कप्प्यातील तेलाचा स्तंभ घन दांड्यासारखा भार पुढे नेतो. दट्ट्या व कवच यांच्यातील काही मायक्रॉन फटीतून प्रत्येक वेळी किंचित तेल निसटते; ते पुढच्या आवर्तनात भरून निघते. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९३० च्या सोळा सिलिंडरांच्या मोटारगाडीत द्रवीय योजना वापरली व पुढे तिचा प्रसार झाला. भारतात रॉयल एनफील्डच्या २००८ नंतर आलेल्या एकसंध बांधणीच्या बुलेट एंजिनांत, तसेच रांजणगाव (जि. पुणे) येथे दीर्घकाळ तयार होत असलेल्या फियाटच्या १·३ लिटर मल्टिजेट डीझेल एंजिनात द्रवीय उत्थापक होते. अशा एंजिनात नित्य जुळवणी करावी लागत नाही. परंतु उत्थापकाचे कार्य सर्वस्वी तेलाच्या दाबावर व स्वच्छतेवर अवलंबून राहते.

आवाजाचे निदान : झडपयंत्रणेतील आवाज भुजादंडाच्या निम्म्या वेगाने ऐकू येतो. भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर येणारा व भार वाढताच तीव्र होणारा जड ठोका संयोगदांड्याच्या धारव्याचा असण्याचा संभव असतो. तो टॅपेटचा समजून एंजिन चालवीत राहणे धोक्याचे असते. आवाजाची जागा शोधण्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक झडपांवरील झाकणाला निरनिराळ्या ठिकाणी टेकवून मूठ कानाशी धरण्याची कारागिरांची रीत उपयुक्त आहे.

रात्रभर बंद असलेले एंजिन सुरू केल्यावर काही सेकंद आवाज येऊन थांबला, तर द्रवीय उत्थापकांतील निथळलेले तेल पुन्हा भरले गेले असे समजावे. हा दोष मानत नाहीत. आवाज रोज लांबू लागला, तर तेल गाळणीतील परतरोधी पडदा निकामी झाला आहे का, तसेच तेल जुने वा प्रमाणाबाहेर दाट आहे का, हे पाहावे. एंजिन तापल्यावर मंद गतीत आवाज येऊन वेग वाढविताच तो नाहीसा होत असेल, तर तेलाचा दाब कमी असतो किंवा उत्थापक झिजून त्यातील गळती वाढलेली असते. उलट वेग वाढल्यावर आवाज सुरू होत असेल, तर तेलात हवा मिसळत असावी. तेलाची पातळी फार खाली गेल्यास पंप हवा ओढतो व ती फार वर असल्यास फिरणारा भुजादंड तेल घुसळून फेस करतो. हवा दाबली जात असल्याने उत्थापकातील तेलाचा स्तंभ ‘घन’ राहत नाही. एकाच झडपेचा आवाज सतत येत असेल, तर गोळीखाली अडकलेला कण, राळेसारख्या थराने चिकटलेला दट्ट्या, झिजलेला कॅम किंवा वाकलेला दाबदांडा यांपैकी एखादे कारण असते. सर्वच उत्थापक वाजू लागल्यास दोष तेलपुरवठ्यात शोधावा.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम वाहन सपाट जागी उभे करून तेलाची पातळी पाहावी. नंतर तेलाचा दाब स्वतंत्र दाबमापकाने मोजावा. तेल बदलण्याची मुदत संपली असल्यास निर्मात्याने सांगितलेले तेल व नवी गाळणी घालून एंजिन पुरेसे तापेपर्यंत चालवावे. घन उत्थापक असल्यास अवकाश पुस्तिकेत दिलेल्या तापमान-स्थितीत, म्हणजे थंड किंवा गरम एंजिनात, मोजावा. एवढ्याने दोष न निघाल्यास मगच झाकण उघडून भाग सुटे करावेत. तेलात रॉकेल अथवा डीझेल मिसळून एंजिन ‘धुण्याची’ प्रथा टाळणे इष्ट. त्यामुळे तेल पातळ होऊन धारव्यांवरील पापुद्रा तुटू शकतो आणि एकदम सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकून तेलपुरवठाच बंद पडू शकतो.

तेलाची निवड : तेलाच्या डब्यावर मुख्यतः दोन गोष्टी दर्शविलेल्या असतात : श्यानता (दाटपणा) व सेवा-प्रत. श्यानतेचे वर्गीकरण अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स (एसएई) या संस्थेचे आहे. १००° से. तापमानास एसएई ३० तेलाची श्यानता ९·३ ते १२·५, एसएई ४० ची १२·५ ते १६·३ आणि एसएई ५० ची १६·३ ते २१·९ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असावी लागते. ‘१५डब्ल्यू-४०’ यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळा दर्शविते. असे तेल उणे २०° से.ला एंजिन फिरू देण्याइतके पातळ राहते व तापल्यावर एसएई ४० इतके दाट असते. हे घडवून आणण्यासाठी त्यात दीर्घ साखळीची बहुवारिके मिसळतात. तरीही तापमानाचा परिणाम मोठाच असतो : नमुनेदार १५डब्ल्यू-४० तेलाची श्यानता ४०° से.ला शंभरापेक्षा थोडी अधिक, तर १००° से.ला १४ ते १५ सेंटिस्टोक भरते.

दाट तेलाने आवाज का कमी होतो, हे यावरून स्पष्ट होते. झिजलेल्या फटींतून ते सावकाश निसटते, त्यामुळे दाब वाढतो व भागांमधील पापुद्रा जाड राहतो. मात्र झीज भरून येत नाही. शिवाय असे तेल एंजिन सुरू करताना वरच्या भागाला उशिरा पोहोचते आणि अरुंद मार्गांच्या आधुनिक एंजिनात द्रवीय उत्थापकांना अपुरे मिळते. झीज धारव्यांतच असेल, तर दाट तेलाने मिळालेली शांतता ही केवळ मुदत असते. म्हणून निर्मात्याने एकाहून अधिक श्यानता मान्य केल्या असतील, तर जुन्या एंजिनासाठी त्यांतील दाट प्रत घेणे योग्य; त्यापलीकडे जाणे योग्य नव्हे.

सेवा-प्रत तेलातील समावेशकांची कार्यक्षमता सांगते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) या संस्थेच्या पद्धतीत पेट्रोल एंजिनांसाठी ‘एस’ व डीझेल एंजिनांसाठी ‘सी’ ही आद्याक्षरे आहेत. एसपी ही प्रत २०२० मध्ये व एसक्यू २०२५ मध्ये आली. जड डीझेल एंजिनांची सीके-४ ही प्रत २०१६ पासून वापरात आहे. प्रक्षालक काजळी व राळ धातूवर बसू देत नाहीत, तर जस्त व फॉस्फरसयुक्त समावेशक कॅम व उत्थापक यांच्यातील घर्षणपृष्ठावर रक्षक थर निर्माण करतो. फॉस्फरसामुळे निष्कास वायू शुद्ध करणारा उत्प्रेरक निकामी होत असल्याने पेट्रोल मोटारींच्या पातळ तेलांत त्याचे प्रमाण मर्यादित केले आहे. त्यामुळे सपाट बुडाचे उत्थापक असलेल्या जुन्या एंजिनाला नवीनतम तेलच उत्तम ठरेल असे नाही. भारत स्टेज-६ मानकांच्या (१ एप्रिल २०२०) डीझेल मोटारींत काजळी-गाळणी असते. तिला कमी राखेचे तेल लागते. मोटारसायकलीत तेच तेल बहुधा क्लचलाही भिजवीत असल्याने जपानी ‘जासो एमए’ प्रतीचे तेल घ्यावे लागते. मोटारगाडीच्या तेलातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू शकतो.

वसई-विरार परिसर : पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) या परिसरात एकाच तेलाच्या दुकानावर अगदी भिन्न प्रकारच्या एंजिनांचे मालक येतात. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील मच्छीमारांच्या यांत्रिक होड्या, राष्ट्रीय महामार्गावरील मालमोटारी, वालीव-सातिवली भागातील कारखान्यांची जनित्रे, शहरातील रिक्षा व मोटारसायकली या सर्वांना एकच तेल चालेल असे मानणे चुकीचे आहे. येथे हिवाळ्यातही तापमान सहसा १०° से.च्या खाली जात नसल्याने ‘डब्ल्यू’पूर्वीच्या आकड्याला थंड प्रदेशांतील महत्त्व नाही, परंतु निर्मात्याने ५डब्ल्यू-३० सांगितले असेल, तर ते तेलमार्गांच्या मापाशीही निगडित असते, केवळ हवामानाशी नव्हे.

होड्यांतील डीझेल एंजिनांचे टॅपेट बहुधा स्क्रूने जुळवावयाचे असतात. ही एंजिने तासन्‌तास एकाच भाराखाली चालत असल्याने तेल बदलण्याची मुदत तासांत मोजतात व त्यासाठी तासांची नोंद ठेवणे हितावह असते. शीतकातून समुद्राचे पाणी तेलात शिरल्यास तेल दुधट दिसते. अशा वेळी टॅपेटचा आवाज ही पहिली सूचना ठरू शकते. किनाऱ्यापासून दूर एंजिन आखडले, तर होडी वाऱ्या-भरतीच्या स्वाधीन होते. म्हणून दाबमापकाचा काटा खाली येत असताना केवळ दाट तेल घालून पुढील फेरीस निघणे हा माणसांच्या जिवाशी संबंधित धोका आहे. जून-जुलैमधील मासेमारीबंदीच्या काळात एंजिन बंद राहते. वापरलेल्या तेलातील आम्ले व पाणी या काळात धातूला गंज चढवितात. यास्तव तेल बंदीनंतर बदलण्यापेक्षा होडी वर ओढण्यापूर्वी बदलून एंजिन थोडा वेळ चालविणे श्रेयस्कर. मागे बसविण्याच्या लहान द्विधाव पेट्रोल एंजिनांत मात्र अशी झडपयंत्रणा नसते. त्यांचे तेल निराळे असून ते इंधनाबरोबर जळते.

सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षांत याच्या उलट अडचण येते. वायुरूप इंधनात बैठकीला मिळणारे द्रव इंधनाचे संरक्षण नसते. बैठक झिजून झडप वर सरकते आणि अवकाश कमी होतो. येथे आवाज न होताच झडप जळते. थंड एंजिन अडखळत सुरू होणे व ओढ कमी होणे ही तिची लक्षणे होत. अशा एंजिनात आवाजाची वाट न पाहता ठराविक अंतराने अवकाश मोजणे हाच उपाय आहे.

बदललेले तेल हा घातक अपशिष्टाचा प्रकार असून ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच जावे, असा २०१६ च्या नियमांचा दंडक आहे. उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस वसईची खाडी यांमधील या सखल पट्टीत गोड्या पाण्याच्या विहिरींवर वाड्या पोसल्या जात असल्याने, हे तेल गटारात वा जमिनीवर ओतल्यास त्याचा उपद्रव पाण्यापर्यंत पोहोचण्यास फारसा वेळ लागत नाही.