पार्किंगवाल्याने अव्वाच्या सव्वा पैसे मागितले तर



आजचा मेसेज फवारणीचा नाही, पावसाचाही नाही. गाडीच्या पार्किंगचा आहे. जरा मोठा आहे, संध्याकाळी सवडीने वाचा. घरातलं जे कोणी गाडी घेऊन बाजाराला जातं, त्यांना नक्की दाखवा.

आपले एक सभासद परवा पिकअपमध्ये टोमॅटोचे ४० क्रेट घेऊन शहरात गेले. २५ क्रेट एका ठिकाणी उतरवले, १५ दुसऱ्या ग्राहकाकडे द्यायचे होते. मध्ये बँकेचं काम होतं म्हणून गाडी एका खासगी पार्किंगमध्ये लावली. दोन तासांनी आले तर तिकीट सापडेना. पार्किंगवाल्याने ६० रुपये भाडं आणि वर ५०० रुपये "तिकीट हरवल्याचा दंड" मागितला. गेटला साखळी लावली. पाऊण तास हुज्जत झाली आणि शेवटी ५६० रुपये रोख मोजून गाडी सोडवली. पावती मिळाली नाही, यांनी मागितलीही नाही. तोवर दुसऱ्या ग्राहकाने दुसरीकडून माल घेतला होता. १५ क्रेट म्हणजे ३०० किलो माल किलोमागे ४ रुपये कमी भावाने द्यावा लागला. हिशेब बघा, पार्किंगात गेले ५६० आणि भांडणात गेले १,२००.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगायची आहे. माल गाडीत असेल तर गेटवर भांडू नका. दरफलक दाखवून एकदा शांतपणे सांगा, नाही ऐकलं तर पैसे देऊन निघा. मात्र पुरावा राहील असे द्या. टोमॅटो थांबत नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला मात्र दोन वर्षांची मुदत असते.

पुरावा राहील असे म्हणजे कसे? रोख देऊ नका, यूपीआयने द्या. पैसे पाठवताना खाली मजकूर लिहायची जागा असते, तिथे "पार्किंग दंड, हरकत घेऊन दिले" एवढं टाका. पैसे कोणाच्या नावावर गेले ते पडद्यावर दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पुष्कळदा क्यूआर कोड ठेकेदाराचा नसून गेटवरच्या पोराचा स्वतःचा असतो. तसं असेल तर पुढे ठेकेदारालाच त्याचं उत्तर द्यावं लागतं. मग फोटो काढा: तिकिटाच्या दोन्ही बाजू, दरफलक (नसेल तर फलक नसलेलं गेट), साखळी किंवा चाकाला लावलेला जॅमर, आणि त्याच फोटोत आपल्या गाडीचा नंबर. पावती मागा. देत नसेल तर सोबत कोण होतं त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.

आणि एक सवय आजपासूनच लावा. आत शिरताना तिकीट हातात आलं की लगेच त्याचा फोटो काढायचा. तिकीट हरवलं तरी आत आल्याची वेळ आपल्या फोनमध्ये राहते.

आता "दंड" या शब्दाकडे येऊ. रस्त्यावर चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड मोटार वाहन कायद्याखाली होतो. तो वाहतूक पोलीस किंवा आरटीओचे अधिकृत अधिकारीच करू शकतात आणि त्याचं चलान निघतं. खासगी ठेकेदाराला सरकारी दंड करायचा अधिकार नाही. त्याच्या पावतीवर "दंड" छापलेलं असलं तरी तुमच्या आणि त्याच्या व्यवहारातली ती फक्त एक मागणी असते. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याच्या कलम ७४ मध्ये असं आहे की करारात दंडाची रक्कम ठरलेली असली तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि तीसुद्धा ठरलेल्या रकमेच्या आत. तिकीट हरवल्याने ठेकेदाराचं नुकसान किती झालं? गाडी सकाळपासून उभी असेल अशी शंका त्याने घेतली तर फार तर दिवसभराचं भाडं. गाडी खरोखर मालकाचीच आहे ना, हे बघायला तो आरसी मागू शकतो आणि ते योग्यच आहे, उद्या आपलीच गाडी कोणी दुसऱ्याने नेऊ नये. पण ६० रुपयांच्या पार्किंगला ५०० रुपये भरपाई कुठल्या हिशेबाने, हा प्रश्न त्याला लेखी विचारता येतो.

इथे आपली बाजूही प्रामाणिक हवी. फलकावर लिहिलेलं भाडं आपण देणं लागतो. ते बुडवायचं आणि मग कायदा सांगायचा, असं चालत नाही. उलट फलकावरचा दर आपण देऊ केला, त्याने नाकारला आणि गाडी अडवली, तर आपली बाजू भक्कम होते. अशा वेळी ११२ ला फोन करा. माणसाला बेकायदा अडवून ठेवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम १२६ आहे, पण गेटवर कलमं सांगत बसू नका. गाडीत नाशवंत माल आहे, ठरलेलं भाडं देतोय तरी सोडत नाहीत, एवढं सांगितलं की पुरे. फोन लागलेला दिसला की बऱ्याच ठिकाणी साखळी आपोआप निघते, हा अनुभव आहे.

तक्रार कुठे करायची हे जागा कोणाची आहे यावर ठरतं. गेटवर ठेकेदाराचा माणूस असला तरी जागा बहुतेक वेळा दुसऱ्याचीच असते. नगरपालिकेची जागा असेल तर मुख्याधिकारी, महानगरपालिका असेल तर क्षेत्रीय किंवा वॉर्ड कार्यालय. बाजार समितीच्या आवारात असेल तर समितीचे सचिव, त्यांनी दाद दिली नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. एसटी स्टँडवर आगार व्यवस्थापक. रेल्वे स्टेशनच्या पार्किंगसाठी १३९ नंबर. अशा सार्वजनिक जागांवर ठेकेदाराला मनाला येईल तो दर लावता येत नाही. निविदेत आणि करारनाम्यात ठरलेला दर असतो, तेवढाच घ्यायचा असतो. अडचण एवढीच की तो दर आपल्याला माहीत नसतो.

तो माहितीच्या अधिकारातून मिळतो. साधा कागद, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, फक्त दाखला जोडायचा. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. "जास्त पैसे का घेता" असं त्यात विचारू नका. "का" विचारलं की उत्तर येतं, ही माहिती या कायद्यात बसत नाही. कागद मागा. असं लिहा:

"(जागेचं नाव) येथील वाहनतळाच्या चालू ठेक्याचा करारनामा, मंजूर दरपत्रक आणि दरफलक लावण्याबाबतच्या अटी यांच्या प्रती मिळाव्यात."

३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करता येतं. करारनाम्याची प्रत एकदा हातात आली की ती एकट्याच्या नाही, सगळ्या गावाच्या कामाची असते.

मॉल, खासगी दवाखाना, खासगी प्लॉट इथे गोष्ट वेगळी आहे. तिथला दर मालक ठरवतो. मात्र तो आत शिरायच्या आधी दिसला पाहिजे. गाडी लावून झाल्यावर दर सांगायचा आणि निघताना तो वाढवायचा, याला आपण कबूल झालो होतो असं कोणी म्हणू शकत नाही. "देशातल्या सगळ्या मॉलमध्ये पार्किंग फुकट" असे मेसेज फिरत असतात. २०१९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने मॉल आणि मल्टिप्लेक्सने पार्किंगचे पैसे घेऊ नयेत असा निकाल दिला होता, त्यावरून ते फिरतात. तो निकाल गुजरातचा. आपल्याकडच्या मॉलच्या गेटवर तो दाखवून रांग अडवू नका.

खासगी पार्किंगवाल्याकडे आधी लेखी मागणी करायची. व्हॉट्सॲप किंवा ईमेल चालेल, स्पीड पोस्ट जास्त चांगलं. मजकूर खाली देतोय, कॉपी करून आपले तपशील भरा:

"दि. ___ रोजी माझे वाहन क्र. ___ आपल्या वाहनतळावर ___ ते ___ या वेळेत उभे होते. फलकावरील दराप्रमाणे ___ रुपये देय असताना माझ्याकडून ___ रुपये घेण्यात आले. वाहन अडवून ठेवल्याने व त्यात नाशवंत शेतमाल असल्याने मी ही रक्कम हरकत घेऊन दिली. जादा घेतलेले ___ रुपये १५ दिवसांत परत करावेत, अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. सोबत पुरावे जोडले आहेत."

पैसे परत नाही आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून पुढे पाठवतात. हे कोर्ट नाही, त्यामुळे आदेश मिळत नाही, पण नाव असलेल्या कंपन्या इथेच पैसे परत करतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि शहर कुठलंही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. समोरचा एक मुद्दा काढू शकतो की तुम्ही व्यापारासाठी आला होता, तुम्ही ग्राहक नाही. म्हणून तक्रारीतच स्पष्ट लिहा की मी शेतकरी आहे, स्वतःच्या शेतातला माल कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी विकायला नेला होता.

खरं सांगायचं तर ५०० रुपयांसाठी आयोगात खेटे घालणं एकट्याला परवडत नाही. बहुतेक प्रकरणं लेखी मागणी आणि १९१५ यातच मिटलेली बरी.

तिकिटावर बारीक अक्षरात "वाहन मालकाच्या जबाबदारीवर" असं छापलेलं असतं. त्याला फार घाबरू नका. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात १९९८ मध्ये पाहुण्याने गाडी हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि ती चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की ताब्यात घेतलेल्या गाडीची काळजी घेण्यात कसूर झाली असेल तर अशी ओळ छापून हात झटकता येत नाहीत. मात्र तिथे गाडी आणि किल्ली दोन्ही हॉटेलच्या ताब्यात होती. आपण किल्ली खिशात घेऊन गेलो तर मुद्दा थोडा कमजोर होतो, म्हणून तिकीट जपा.

फास्टॅगमधून पार्किंगचे पैसे चुकीचे कापले गेले तर गेटवाल्याशी वाद नको. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

"तुमच्या गाडीचं चलान आलंय" म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर ती उघडायचीच नाही, ती फसवणूक असते. खरं चलान महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून दिसतं. चुकून फाइल उघडली आणि खात्यातून पैसे गेले तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

आपल्या त्या सभासदांकडे आज पावती नाही, स्क्रीनशॉट नाही. तरी गेटवर कॅमेरा आहे आणि तिथूनच त्यांनी ऑफिसला फोन केला होता, त्याची वेळ फोनमध्ये आहे. तेवढ्यावर लेखी मागणी कंपनीने तयार करून दिली आहे.

त्याच शहरात आणखी कोणाला असा अनुभव आला असेल तर तारीख, गाडी नंबर, किती पैसे गेले आणि असतील ते फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा. पाच-सहा जणांचं जमलं की कंपनीच्या लेटरहेडवर एकत्र पत्र देऊ. अर्ज लिहायला अडचण असेल तर ऑफिसला या, कोर्ट फी स्टॅम्प तेवढा घेऊन या.