सिंगापूर–न्यू यॉर्क विमानप्रवास : अंतर व कालावधी

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यू यॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांमधील हवाई अंतर सुमारे १५,३५० किमी आहे. सिंगापूर एअरलाइन्सने ९ नोव्हेंबर २०२० रोजी या दोन विमानतळांदरम्यान थेट सेवा सुरू केली. जगातील सर्वाधिक लांब पल्ल्याच्या नियमित प्रवासी विमानसेवांमध्ये तिची गणना होते. या प्रवासाला साधारणपणे १८ ते १९ तास लागतात.

अंतराची गणना

विमानतळांमधील अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. ते पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजावे लागते. दोन्ही स्थळांमधून जाणाऱ्या आणि पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात. या वर्तुळाचा लहान कंस हा दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग होय. येथे तो कंस पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे १३८ अंशांचा कोन करतो. एका अंशास सुमारे १११.२ किमी धरल्यास १५,३४६ किमी हे उत्तर मिळते.

दोन्ही विमानतळांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचा फरक आहे. त्यामुळे हा जवळचा मार्ग उत्तर ध्रुवापासून ३०० किमीच्या आतून जातो.

उड्डाणाचा कालावधी

ताशी ९०० किमी वेग धरल्यास हे अंतर सुमारे १७ तासांत संपावयास हवे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, कारण विमान नेहमीच जवळच्या मार्गाने जात नाही. अतिउंचावरील जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांचा लाभ घेण्यासाठी न्यू यॉर्ककडे जाणारे विमान पुष्कळदा पॅसिफिक महासागरावरून नेले जाते. हा मार्ग लांबीने अधिक असला, तरी अनुकूल वाऱ्यामुळे वेळ व इंधन यांची बचत होते. शिवाय २०२२ पासून अनेक विमान कंपन्या रशियाचे हवाई क्षेत्र टाळतात.

स्थानिक वेळ

सिंगापूरची प्रमाणवेळ न्यू यॉर्कच्या हिवाळी वेळेपेक्षा १३ तास, तर उन्हाळी वेळेपेक्षा १२ तास पुढे आहे. उदाहरणार्थ, हिवाळ्यात सोमवारी रात्री १०.३० वाजता न्यू यॉर्कहून निघालेले विमान १९ तासांनी पोहोचले, तर सिंगापुरात बुधवारची सकाळ ६.३० झालेली असते. म्हणून केवळ तिकिटावरील दोन वेळांच्या वजाबाकीने प्रवासाचा कालावधी कळत नाही.

थेट सेवा व थांबा

हीच कंपनी फ्रँकफुर्टमार्गेही विमान चालवते. त्या मार्गाचे अंतर सुमारे १६,५०० किमी, म्हणजे जेमतेम ८ टक्के अधिक आहे. परंतु थांब्यासह प्रवासास सुमारे २४ तास लागतात.

थेट सेवेलाही किंमत मोजावी लागते. दूर जाण्यासाठी अधिक इंधन लागते आणि त्या इंधनाचे वजन वाहण्यासाठी पुन्हा इंधन खर्च होते. सिंगापूर ते न्यूअर्क (न्यू यॉर्क महानगराचा दुसरा विमानतळ) ही चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० विमानांची थेट सेवा २००४ मध्ये सुरू झाली. ती खर्चिक ठरून २०१३ मध्ये बंद पडली. २०१८ मध्ये ती दोन इंजिनांच्या एअरबस ए३५०-९०० यूएलआर विमानांनी पुन्हा सुरू झाली. या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते. वजन मर्यादित ठेवण्यासाठी त्यात केवळ १६१ आसने असून साधा इकॉनॉमी वर्ग नाही. त्यामुळे वाचलेल्या तासांचा लाभ मुख्यतः जादा भाडे देऊ शकणाऱ्या प्रवाशांनाच मिळतो.