भंगारात देण्याआधी स्लॉट पाहा

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या पळसदेव, भिगवण, इंदापूर या पट्ट्यातली मंडळी माझ्याकडे जुने संगणक घेऊन येतात. एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी निघाले, त्या काळातली ही यंत्रं. कुणाच्या घरातली, तर कुणाच्या शाळेला देणगी मिळालेली. बहुतेकांची तक्रार एकच असते. "पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला. भंगारात देऊ का?"

माझं उत्तर असतं, थोडं थांबा. आधी डब्याची बाजू उघडून आत कोणता स्लॉट आहे ते पाहा.

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवण्याचं काम दोन प्रकारे होतं. एक म्हणजे ऑनबोर्ड व्हिडिओ. यात चित्राची यंत्रणा मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमध्येच असते. इंटेलनं १९९९ मध्ये ८१० हा चिपसेट आणला, त्यात ती होती. वेगळं कार्ड घ्यावं लागत नसल्यानं असे संगणक स्वस्त पडत. पण या यंत्रणेला स्वतःची मेमरी नसते. सामाईक विहिरीवर दुसऱ्याची मोटर बसावी, तसं ती संगणकाच्या रॅममधूनच वाटा घेते. २५६ एमबी रॅम टाकूनही विंडोज २४८ दाखवते, ते यामुळे. उरलेले ८ एमबी पडद्याच्या वाट्याला गेलेले असतात.

दुसरा प्रकार म्हणजे ग्राफिक्स कार्ड. याची विहीर स्वतःची. हे कार्ड ज्या फटीत बसतं, तो स्लॉट. जुन्या संगणकांत त्याचे मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

पहिला पीसीआय. बहुधा पांढरा, आणि एका बोर्डावर दोन-तीन तरी असतातच. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १३३ मेगाबाईट, तोही सगळ्या कार्डांत मिळून. ऊसाच्या ट्रॅक्टरमागे एसटी अडकावी, तसा प्रकार. म्हणून १९९७ पासून चित्रासाठी वेगळा रस्ता आला, तो एजीपी. हा एकच असतो, बहुधा तपकिरी आणि बोर्डाच्या मागच्या कडेपासून जरा आत सरकलेला. याचा वेग २६६ पासून पुढं २,१३३ मेगाबाईटपर्यंत गेला. २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेस आला. चित्राच्या कार्डासाठी त्याचा लांब, सोळा पट्ट्यांचा स्लॉट असतो. नावं सारखी असली, तरी याचं कार्ड जुन्या पीसीआयमध्ये बसत नाही.

कार्ड विकत घेताना फसगत होते ती एका अक्षरामुळे. इंटेलच्या ८४५जी चिपसेटला एजीपीची सोय आहे, ८४५जीव्हीला नाही. ८६५जी आणि ८६५जीव्ही यांचंही तसंच. बाहेरून दोन्ही डबे सारखेच. तेव्हा नावावर जाऊ नका, डोळ्यांनी स्लॉट पाहा. एजीपी कार्डांतही व्होल्टेजचा फरक असतो. अगदी जुनी कार्डं ३.३ व्होल्टची, नंतरच्या अनेक बोर्डांना १.५ व्होल्ट लागतात. म्हणून कार्डाला खाचा दिलेल्या असतात. खाच जुळत नसेल, तर जोर लावू नका. बोर्ड जळू शकतो.

आता काळ्या पडद्याकडे वळू. वायर काढा, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसा आणि परत बसवा. पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं. सुरू करताना आवाज ऐका. अवॉर्ड बायोसच्या बोर्डावर एक लांब आणि दोन आखूड शिट्या म्हणजे चित्राच्या यंत्रणेत बिघाड. मग बोर्डाला बसणारं कार्ड ओळखीच्या कुणाकडून मागून आणा. एजीपी नसेल, तर साधं पीसीआय कार्डही चालतं. ते मंद असेल, पण पत्र टाइप करायला आणि मुलांना शिकवायला पुरतं.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डालाच जोडा. कीबोर्ड-माउसशेजारचं निळं सॉकेट ऑनबोर्डचं असतं. कार्ड बसलं, की अनेक बोर्ड ते आपोआप बंद करतात. वायर तिथंच राहिली, तर चांगलं कार्डही नादुरुस्त वाटतं.

मागून आणलेल्या कार्डावर चित्र आलं, तरच पैसे खर्च करा. नाही आलं, तर मुख्य चिप किंवा दुसरं काही गेलं असं समजा आणि तो बोर्ड अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या, कारण जुन्या बोर्डांच्या डाखात शिसं असतं. यंत्र वाचलं, तरी त्याची मर्यादा ओळखा. विंडोज एक्सपीला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं ८ एप्रिल २०१४ रोजी थांबलं. त्यावर बँकेचे व्यवहार नकोत. मराठी टायपिंग, हिशेब, चित्रकला यांसाठी ते खुशाल वापरा. शाळेच्या खोलीत दहा मुलांमागे एक यंत्र असेल, तर आणखी एक चालू झालेलं यंत्र म्हणजे पाच मुलांमागे एक.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)