उरणचा पिरवाडी किनारा : दगडी बंधारा जमीन राखतो, पण वाळूचं काय?

उरण : नवी मुंबईकरांसाठी उरणची पिरवाडी चौपाटी म्हणजे सुट्टीची जागा. पण पावसाळ्यात उधाणाची भरती आली की नागाव-पिरवाडीच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. किनारा खचला की आधी सुरूची झाडं आडवी होतात, मग वाड्या आणि घरांना धोका. विहिरींचं गोडं पाणीही मचूळ होऊ शकतं.

वाळू जाते कुठे?

पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात. दिवाळीनंतर शांत झालेला समुद्र तीच वाळू हळूहळू परत आणतो. हा दरवर्षीचा हिशेब आहे. पण कोणी वाळू उपसली, किंवा जेटी आणि भरावामुळे तिची वाट अडली, की गेलेली वाळू पुरती परत येत नाही. हीच किनाऱ्याची धूप. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळाचा अभ्यास केला. त्यात देशाच्या मुख्य भूमीचा 33.6 टक्के किनारा कमी-जास्त धुपत असल्याचं दिसलं.

बंधारा बांधला की झालं?

नाही. धूपप्रतिबंधक बंधारा मागची जमीन वाचवतो. पण दगडांवर आपटून मागे फिरणारी लाट बंधाऱ्याच्या पायथ्याची वाळू खरवडते. बंधारा जिथे संपतो, तिथे शेजारच्या जमिनीला जास्त मार बसतो. म्हणून बंधारा मंजूर होतानाच विचारायचं : तो कुठे संपणार, आणि त्यापुढच्या किनाऱ्याचं काय?

गावाच्या हातात काय आहे?

- वाळूवर पसरणारी मर्यादवेल उपटू नका. तिची मुळं आणि फांद्या उडणारी वाळू धरून ठेवतात. वाळूचे उंचवटे सपाट करू नका.
- सीआरझेड क्षेत्रात वाळू उपसायला बंदी आहे. उपसा दिसला तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.
- मे आणि नोव्हेंबरमध्ये, ओहोटीच्या वेळी, एकाच जागेवरून मोबाईलवर फोटो काढा. फोटोत विजेचा खांब किंवा पक्कं बांधकाम येऊ द्या, तारीख लिहून ठेवा.
- हे फोटो ग्रामसभेच्या ठरावासोबत महाराष्ट्र सागरी मंडळाकडे पाठवा.

एका पावसाळ्यात वाळू गेली म्हणजे धूप झालीच असं नाही. पण तीन-चार वर्षांचे फोटो शेजारी ठेवले, की किनारा किती मागे आला ते कोणालाही दिसतं. मग मागणी नुसती तोंडी राहत नाही.