शाळेला टाळं लागल्यावरच बातमी का?

ऑगस्ट 2023 मध्ये गंगापूर तालुक्यातलं भिव धानोरा हे गाव एकदम देशभर गाजलं. जायकवाडी धरणाच्या फुगवट्याचं पाणी ओलांडायला तिथली पंधराएक मुलं थर्माकोलच्या जाड तुकड्यांवर बसत होती आणि मिळेल त्याचं वल्हं करून शाळेत पोहोचत होती. पाण्यात सापांची भीती, ती वेगळीच. बातमी छापून आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली.

जायकवाडीचं उद्घाटन फेब्रुवारी 1976 मधलं. मग हे पाणी इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही, ते का? मला यात पोरांच्या धाडसाचं कौतुक सुचत नाही, राग येतो.

आपल्याकडे सरकारी शाळेची बातमी कशी होते, हे तालुक्याचं कुठलंही पान चाळलं तरी कळतं. ‘प्रवेशोत्सव उत्साहात’, ‘गणवेश वाटप’ आणि मग एकदम ‘संतप्त पालकांनी शाळेला ठोकले टाळे’. शिक्षकाची जागा रिकामी असते, चार वर्ग दोन खोल्यांत बसतात, अर्ज पंचायत समितीत पडून राहतात. शेवटी कुलूप आणलं जातं, पण ते लावण्याआधी वार्ताहराला फोन जातो. गटशिक्षणाधिकारी अर्जाने येत नाहीत, फोटोने येतात, हे पालकांना पक्कं ठाऊक असतं. ‘आधी पेपरात येऊ द्या’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. तो वार्ताहरही बहुधा तुटपुंज्या मानधनावर आणि जाहिरातींच्या कमिशनवर काम करणारा. महिन्याभराने त्याच शाळेत परत जायला त्याला ना वेळ मिळतो, ना पेट्रोलचे पैसे.

पूर्वी शाळांच्या प्रश्नांचा पाठपुरावा निदान काही प्रमाणात जिल्हा परिषदेत होत असे. तिला ‘मिनी मंत्रालय’ म्हणतात ते उगाच नव्हे. शिक्षण समितीच्या बैठकीत एखादा सदस्य आपल्या गटातल्या पडक्या खोल्यांवरून अधिकाऱ्यांना धारेवर धरायचा आणि झेडपीचं बीट सांभाळणारा बातमीदार ते टिपून घ्यायचा. मार्च 2022 मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि प्रशासकांचा कारभार सुरू झाला. भिव धानोऱ्याची बातमी आली तेव्हा प्रश्न विचारायला निवडून आलेली शिक्षण समितीच जागेवर नव्हती.

अमेरिकेत गावोगावची शालेय मंडळं बहुतेक ठिकाणी थेट मतदानाने निवडली जातात आणि त्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या असतात. पण 2005 पासून तिथली एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रं बंद पडली, त्यामुळे अनेक गावांत त्या बैठकांना बातमीदारच उरला नाही. आपल्याकडे उलटं घडलं. बातमीदार होता, बैठक नव्हती.

भिव धानोरा ज्या मराठवाड्यात आहे, त्या भागाला चिकाटीच्या पत्रकारितेची सवय आहे. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ या वृत्तपत्राने निजामाची बंदी सोसली. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली ते या भागाचा आवाज झालं. मराठवाड्याच्या मागण्या ते वर्षानुवर्षं लावून धरत असे. ‘पाठपुरावा’ हा शब्द त्या पिढीला शोभत होता.

आज पाठपुराव्याची गरज अधिक आहे. त्याच 2023 च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभ्या करण्याचे प्रस्ताव राज्याने मागवले. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि सहावी ते आठवीची तीन. कागदावरचं अंतर नकाशावर मोजतात. वाटेतला ओढा, फुगवटा, पावसाळ्यात खचणारी पांदण त्यात येत नाही. हे सगळं मोजायला माणूसच जावा लागतो.

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून करता येईल. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात. बैठकांच्या इतिवृत्ताची वही शाळेतच असते. रिकामी जागा, गळकं छप्पर, बंद पडलेलं स्वच्छतागृह टाळं लागण्याच्या कितीतरी आधी त्या वहीत लिहिलेलं सापडेल. तालुका प्रतिनिधीने ती वही मागावी आणि संपादकाने त्या बातमीला जागा द्यावी.