रोजच्या कामातला विसावा



‘मन शांत ठेवायला रोज अर्धा तास काढा’ असं सांगणं सोपं आहे. पण पहाटे नळाला पाणी येतं, मग डबे, मग कामावर धावपळ, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास. यातून अर्धा तास आणायचा कुठून? म्हणून या वेळी आम्ही वेगळा वेळ मागणार नाही. जी कामं करावीच लागतात, त्यांतच मनाला विसावा कसा मिळेल, एवढंच सांगणार आहोत.

आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनलिन नावाचं द्रव्य सोडतं. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते, म्हणजे पळायला किंवा लढायला ताकद मिळते. धोका टळला की सगळं पुन्हा जागेवर येतं. पण घरभाडं, कर्जाचा हप्ता, मुलाची नोकरी ही काळजी दिवसभर टळत नाही. शरीर ताणलेलंच राहतं. खांदे आखडतात, डोकं जड होतं, पित्त वाढतं, झोप मोडते. ज्यांना बीपी किंवा शुगर आहे, त्यांचा आजार आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

हा ताण उतरवायची एक सोय आपल्याजवळच आहे, ती म्हणजे श्वास. मोठं माणूस बसल्या जागी मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतं. श्वास सावकाश केला आणि बाहेर सोडताना जास्त वेळ घेतला की मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेमार्फत हृदयाला ‘हळू चाल’ असा निरोप जातो. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. लांब श्वास सोडताना ती थोडी मंदावल्याचं पुष्कळांना जाणवतं. बीपी मोजण्याआधी आम्ही पाच मिनिटं शांत बसायला सांगतो, तेही याच कारणाने. धावत आलेल्या माणसाचा आकडा जास्तच येतो.

तथागतांनी सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्याच सुत्तात चालताना, वाकताना, खाताना, पिताना जागं राहायलाही सांगितलं आहे. म्हणजे सती ठेवायला मांडी घालून बसलंच पाहिजे, असं नाही.

ती कामात अशी ठेवता येईल :

पाणी भरताना : हंडा भरेपर्यंत दहा श्वास मोजा. नाकाने घ्या, सावकाश सोडा. मोजणी चुकली तर पुन्हा एकपासून सुरू करा. मन भटकणारच, त्याला परत आणणं हाच सराव.

भाकरी थापताना : पिठाचा ओलावा, तळहाताचा दाब, परातीतला आवाज यांकडेच लक्ष द्या. नजर तव्यावर राहू द्या, डोळे मिटायचे नाहीत.

रिक्षा चालवणाऱ्यांनी सिग्नलला, सफाईच्या कामावरच्यांनी झाडू टेकवला की, खांदे खाली सोडून तीन लांब श्वास घ्यावेत. श्वास रोखून धरू नये. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच नेहमीसारखा श्वास घ्यावा.

दुसरी गोष्ट हाताच्या कलेची. आपल्या आज्या उन्हाळ्यात जुन्या लुगड्यांचे थर लावून गोधडी शिवायच्या. धावदोऱ्याचा एकसारखा टाका पडत गेला की हात आपोआप चालतो, श्वासही संथ होतो आणि मन मोकळं होतं. कुठला तुकडा कुठे जोडायचा, लाल शेजारी पिवळा की हिरवा, हे ठरवणारी ती एकटीच. दिवसभर दुसऱ्याने सांगितलेलं काम करणाऱ्या बाईला ही मुखत्यारी औषधासारखी असते. गोधडीच पाहिजे असं नाही. डब्यात लावलेली तुळस, मुलीच्या फ्रॉकवरचं फूल, वहीत रोज लिहिलेल्या चार ओळी, भीमगीताची नवी चाल, काहीही चालेल. बाबासाहेबांनी एवढ्या कामाच्या डोंगरात, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. मग आपण ‘आता या वयात काय’ का म्हणावं?

विसाव्याच्या नावाखाली दोन फसव्या गोष्टी घरात शिरतात. एक मशेरी. मशेरी लावली की डोकं हलकं वाटतं, कारण तंबाखूची तलफ तेवढ्यापुरती भागते. खरं तर तंबाखूतलं निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं. दुसरी दारू. तिने गुंगी लवकर येते, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते आणि सकाळी चिडचिड दुप्पट होते.

आणखी एक स्पष्ट सांगतो. शांत राहणं म्हणजे सगळं सोसणं नव्हे. घरातलं सगळं काम एकाच बाईच्या पाठीवर असेल, तर तिला श्वास मोजायला सांगून भागणार नाही. भांडी मुलाने घासावीत, पाणी नवऱ्याने भरावं. मारहाण होत असेल तर मदत मागावी. तिथे गप्प बसून मन शांत होत नाही.

श्वासाच्या सरावाने औषध सुटत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. घरच्या माणसाला सांगा आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

या आठवड्यापुरतं एवढंच करा. रोजचं एक काम निवडा आणि ते संपेपर्यंत श्वासाची सोबत ठेवा. आणि जेवणं आटोपल्यावर घरातल्या प्रत्येकाने आईला दहा मिनिटं मोकळी द्या. त्या दहा मिनिटांत तिने काय करायचं, ते तिलाच ठरवू द्या.